वहिनींच्या हातातलं तबक
झेंडू आणि कापूर यांचा वास एकत्र आला की मला सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीतलं नालीचं भूमिपूजन आठवतं. मांडव नालीपेक्षा लांब होता आणि भाषणं मांडवापेक्षा. पाहुणे म्हणून आलेल्या नगरसेवकांना ओवाळायला शेजारच्या वहिनींना उभं केलं होतं. दर पावसाळ्यात पाणी शिरायचं ते त्यांच्याच घरात. पाहुण्यांनी कपाळ पुढे केलं, फोटोवाला सरसावला, पण तबक हललं नाही. “साहेब, मागच्या सालीबी इथंच नारळ फुटला, नाली काही झाली नाही. काम कधी सुरू करून राहिले ते माइकवर सांगा, मंग ओवाळते.” “घाई काहून करता, ताई?” नगरसेवक हसले. “मले नाही भाऊ, पाण्याले घाई असते.” गल्ली हसली, पाहुण्यांचं कपाळ तसंच वाकलेलं. शेवटी पालिकेच्या इंजिनियरने माइकवर सोमवार सांगितला आणि वहिनींनी ओवाळलं. सोमवारी मजूर खरंच आले, तेव्हा त्या पुन्हा तबक घेऊन बाहेर आल्या आणि पहिली कुदळ मारणाऱ्याला त्यांनी पाहुण्यांपेक्षा जास्त वेळ ओवाळलं. मांडव म्हणजे नुसता देखावा, हे माझं मत आजही तेच आहे; तबकही त्यातलंच वाटायचं, ते मत मात्र त्या दिवशी बदललं.