मनकर्णाबाईंचं चाक आणि दसऱ्याची शीव

मनकर्णाबाई, तुमच्यावर लिहा असं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, लिहिते, पण गोडगोड लिहिणार नाही. ‘कष्टाळू, मायाळू, सोशिक’ असलं काही कुणी लिहिलं तर तुम्ही वर बसून हसाल. कष्टाळू होता. मायाळू, मर्जी असेल तेव्हा. सोशिक? अजिबात नाही. तुम्ही डूख धरणारी बाई होता, आणि मला आवडायचात ते त्यामुळंच.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी अमरावतीहून बी.ए. होऊन डोणगावला मुलींच्या शाळेत लागले आणि तुमच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. घरात तुम्ही, तुमचे यजमान तुळशीराम आणि सासू तानाबाई. दारात छपराखाली जुनी काळी मोटार. मेहकरला भाडी मारायची: अडलेल्या बाळंतिणी, कोर्टाच्या तारखा, नव्या नवऱ्या. तुळशीरामांना दिवस कलला की दिसायचं नाही. म्हणून त्यांनी तुम्हाला ज्वारी निघालेल्या वावरात गाडी शिकवली, आणि परतीच्या फेरीला तुम्ही पदर डोक्यावर घेऊन चाक धरायचात. लायसन्स तुम्ही पुढं काढलंत. तेव्हा नव्हतं. असो.

श्रावणात तुळशीराम तापानं गेले. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, आणि तुमचे थोरले दीर उकंडराव मेहकरच्या मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीनं पाना लावला, स्टेअरिंगचं चाक उपटलं, नटसुद्धा खिशात घातला. उकंडराव ते चाक काखोटीला मारून निघाले. म्हणाले, “बैल कोणाच्याई दारात उभा राहो. येसण आपल्या हातात पाहिजे.” घरी ओसरीवर खुंटीला टांगलं आणि येता-जाता त्याच्यावर टोपी अडकवायला लागले. सगळ्या गल्लीला दिसावं म्हणून.

थोरल्या दिरापुढं तुम्ही लग्न झाल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. रीतच होती तशी. पंचांपुढं बैठक झाली तेव्हाही तुम्ही दाराआड, आणि तुमचं बोलणं तानाबाईंच्या तोंडून.

“उभं राहून सडून राह्यलं ते खटारं,” उकंडराव म्हणाले. “मी नेतो, चालवतो. घरातलीच वस्तू हाये.”

तुम्ही आतून काही कुजबुजलात. तानाबाईंनी पोराकडं पाहिलं. “ते म्हणते, गाडी चालली तं?”

उकंडराव हसले. “चालली तं? दसऱ्याले आमी शिलांगणाले निघाच्या आधी शीव ओलांडून दाखवा म्हणा. बैल न जुंपता. गाडी तिची. नाई तं माही. मंजूर?”

दसऱ्याला गावातली पुरुषमंडळी वाजतगाजत शीव ओलांडतात, आणि आमच्याकडं पुढं चालायचा मान उकंडरावांच्या घराचा. एका विधवेनं त्यांच्याआधी शीव ओलांडायची, ही कल्पनाच त्यांना इतकी विनोदी वाटली की त्यांनी पंचांसमोर शब्द देऊन टाकला. पंचांनी माना डोलावल्या. त्यांना वाटलं, मिटलं.

तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मी म्हटलं, काहीतरी खा. तर म्हणालात, “भूक हाये बाई, पन अन्नाची नाई.”

मेहकरच्या मिस्त्रीनं हात वर केले. उकंडरावांनी त्याला दम भरला होता. मग तुम्ही काय केलंत? कणीक मळलीत, घट्ट. चाक काढल्यावर जो दांडा उघडा पडला होता, त्याच्या टोकाला बारीक दाते होते. त्यावर तो गोळा दाबलात, ठसा घेतलात, ओल्या फडक्यात गुंडाळलात आणि मला म्हणालात, “चला खामगावले.”

खामगावच्या भंगारवाल्यानं फडकं उघडलं आणि डोळे विस्फारले. “माय, रोडगा काऊन आनला?”

“रोडगाच हाये. ज्या चाकाचं तोंड याच्याशी जुळंन ते काढ. अन बोल कमी.”

त्यानं ढिगारा उपसला. दोन चाकं जुळली नाहीत. तिसरं जुळलं, नटही मिळाला. कुठल्याशा मोठ्या गाडीचं होतं, आपल्या जुन्या चाकापेक्षा चांगलं रुंद. एस.टी.त ते मांडीवर घेऊन बसलात तेव्हा कंडक्टर म्हणाला, “बाई, आता तुमीच चालवता का?” तुम्ही म्हणालात, “आधी दीर, मग तुही एस.टी.”

दुसरा दिवस दसऱ्याचा. मी म्हणत होते रात्रीच बसवू. तानाबाई आडव्या आल्या. “दसऱ्याले हत्यार पुजल्याबिगर लावाचं नाई.” झालं. सकाळी छपराखाली पुढची चाकं दोरी धरून सरळ केली. मी म्हटलं, खूण करून ठेवा, म्हणजे चाक वाकडं बसणार नाही. खडू शाळेत राहिला होता. तुम्ही देव्हाऱ्यातलं कुंकू आणलंत, दांड्याच्या वरच्या अंगाला एक बोट लावलंत, नव्या चाकाच्या वरच्या अंगाला एक. छान. मग आत उजेड नाही म्हणून पुढच्या चाकांना लाथा घालत, ढकलत गाडी अंगणात आणली. ती चाकं वळायची तेवढी वळली. म्हटलं, वळू दे, खूण आहे.

आपण पाना शोधायला आत गेलो आणि तानाबाईंनी पूजा उरकली. यथासांग. चाकाला चारी अंगांनी पाच-पाच बोटं हळदकुंकू, दांड्याला सगळीकडून कुंकू, वर झेंडूचं फूल.

मी ओरडले, “अहो, खूण कुठली यातली?”

“कुंकवात डावं-उजवं नसते बाई,” तानाबाई म्हणाल्या. “लावा पटकन. तिकडं डफडं वाजून राह्यलं.”

खरंच वाजत होतं. अंदाजानं चाक दात्यांवर बसवलं. लाकडाची ढलपी ठेवून तुम्ही वरून हातोडी घातलीत. ती हातोडी मला अजून दिसते. प्रत्येक घावाला तुम्ही एक नाव घेत होता, आणि ते देवाचं नव्हतं. मी नट फिरवला, आपण दोघी पान्याला लोंबकळलो, घट्ट केला. हॉर्नची वायर मी जोडली. कशी जोडली ते पुढं येईलच. शाळेचा शिपाई कडूबा हँडल मारून मारून घामाघूम झाला. गाडी खोकली, खोकली आणि लागली.

अंगणातून बाहेर पडताच कळलं: चाक सरळ धरलं की गाडी गटारीकडं जाते. सरळ जायला चाक पाव फेऱ्यानं वाकडं धरावं लागत होतं. तुम्ही एक कोपर खिडकीबाहेर काढलंत, दुसरं माझ्या पोटात घातलंत आणि दातओठ खात निघालात. मागं तानाबाई, नव्या लुगड्यात. “चाल माय,” म्हणत होत्या. “उकंड्याचं तोंड पाहू दे मले.” स्वतःचा मुलगा!

मारुतीच्या देवळापाशी मिरवणूक दिसली. डफडं, गुलाल, पुढं फेटा बांधून उकंडराव. तुम्ही हॉर्न दाबलात आणि तो बसला तो उठेचना. माझी वायर. गाडी सारखी बोंबलत होती. वाजवणारे थांबले, लोक भिंतींना चिकटले. मी म्हटलं, थांबवा, मी वायर काढते.

“बोंबलू द्या,” तुम्ही म्हणालात. “बारशाले आलो नाई आपन.”

मिरवणुकीच्या मधून, उकंडरावांच्या धोतराला धूळ लावून, आपण पुढं गेलो. शिवेचा दगड मागं टाकला तेव्हा तुम्ही गाडी थांबवलीत, मी वायर उपटली, तुम्ही खाली उतरलात आणि दगडापाशी उभ्या राहिलात. उकंडराव आले. मागं सगळं गाव, पंचही. आणि तुम्ही पदर न सावरता त्यांच्याशी थेट बोललात. लग्नानंतर पहिल्यांदा.

“भाऊजी, येसण ठेवा तुमच्याजोळच. म्हशीले होईन.”

गावात इतका मोठा हशा मी पुन्हा ऐकला नाही. पंचांतल्या माणिकरावांनी तिथंच सांगून टाकलं, गाडी मनकर्णाची.

पुढं कितीतरी वर्षं तुम्ही ती चालवलीत, त्याच वाकड्या चाकावर. सरळ करून घ्या म्हटलं तर म्हणायचात, सवय झाली. खोटं. मिरवणुकीत उकंडरावांनी पाहिलं होतं तसंच ते दिसत राहावं, एवढंच. उकंडरावांच्या पोटात दुखायला लागलं आणि मेहकरला न्यायची वेळ आली तेव्हा नाही म्हणाला नाहीत. नेलंत. पण बाजारातून, हळूहळू, दर दुकानापुढं थांबून: “भाऊजीले दवाखान्यात नेऊन राह्यले हो! माह्याच गाडीत!” माणूस आधीच पिवळा पडला होता, तो हिरवा झाला.

आणि त्या पहिल्या दसऱ्याची संध्याकाळ. आपट्याची पानं द्यायची, सोनं म्हणून, आणि वर्षाचं भांडण मिटवायचं, ही आपली रीत. तानाबाई हट्ट धरून बसल्या म्हणून तुम्ही मूठभर पानं माझ्या हातात कोंबलीत. “तुमी देऊन या उकंडरावाले. मी काई त्या घराची पायरी चढत नाई.”

मी म्हटलं, उद्या देते.

पुढच्या दसऱ्याला तुम्ही विचारलंत, “दिलं का हो सोनं?”

“नाही जमलं.”

“बरं झालं. औंदा जाऊन या.” आणि नवी पानं दिलीत.

दर वर्षी असंच. दर वर्षी तुम्ही पानं द्यायचात आणि मी उद्याचं सांगायचे. उकंडराव गेले त्या वर्षीसुद्धा पानं माझ्याच खोलीत होती.