हात लागलेला वजीर

मळवलीत बंगले सांभाळणारी मंडळी शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की सोमवारी संध्याकाळी बुद्धिबळ खेळायला जमतात. त्यांच्यातला एक जण फार कमी बोलतो. डाव संपेपर्यंत चहाला हात लावत नाही आणि कुणालाही चाल मागे घेऊ देत नाही.

परवा त्याच्यासमोर म्हातारे आबा बसले होते, आजारपणानंतर पहिल्यांदाच. घोडा उचलायला जाताना त्यांचा थरथरता हात वजिराला लागला.

“जाऊ दे रं, आजारी हायेत,” बाकीचे म्हणाले.

“न्हाई. हात लागला, आता वजीरच हलवायचा.”

शेजारी बसून बघताना मला ते निष्ठुर वाटलं. आबांनी वजीर हलवला आणि त्याने तो लगेच मारला. डाव गेला. आबा मात्र हसत बाकीच्यांना म्हणाले, “ह्यो एकटाच माझ्याशी खेळतोय. तुमी समदे नुसती तब्येत इचारताय.”