खंडेनवमीची रायफल

माझ्या बायकोच्या मामांइतका चिवट माणूस अख्ख्या रायपुरात शोधून सापडायचा नाही. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटरकी करण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर शंकर नगरातल्या घरी वडिलांची जुनीपुराणी रायफल दुरुस्त करायला बसले ते बसलेच. रायफल परवान्याची, बार निघणं कायमचं बंद केलेली. तेव्हा धोका होता तो फक्त जेवणाच्या टेबलाला. तिथे तिचे सुटे भाग पसरलेले असायचे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. लाकडी दस्त्याला ते इतकं जवसाचं तेल चोळत, की मामींना फोडणीला तेल उरत नसे. मी नळीजवळ जरा वाकलो की म्हणत, "जावईबापू, तोंड तिकडे करा. तुमच्या श्वासानं लोखंडाले दमा होते."

दरवर्षी खंडेनवमीच्या आत रायफल पुरी करायची हा त्यांचा पण, आणि ती व्हायचीही. नळी लखलखायची. मग शस्त्रपूजेला मामी पाण्यात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं तिच्यावर ओढायच्या. दसऱ्यापर्यंत शस्त्र पाटावरून हलवायचं नाही, हा घरचा नेम. उचलावी तर नळीवर गंजाच्या पाच रेघा, अगदी मामींच्या बोटांच्या मापाच्या. "त्या उरला गावातल्या कारखान्यांचा धूर आहे हा," असं गंभीरपणे सांगून मामा रायफल पुन्हा खोलायचे. जन्मभर लोखंडाशी खेळलेला माणूस हे बोलायचा. एकदा मी हळूच म्हटलं, "मामींना कोरडं कुंकू लावायला सांगा ना."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "काहून सांगू? हौसेनं लावते ते."

या उन्हाळ्यात मामी गेल्या. आता रायफल अर्धवटच राहणार असं मी धरून चाललो होतो. पण खंडेनवमीला गेलो तर ती पाटावर पुरी जोडून ठेवलेली, आणि टेबल रिकामं. बायकोने कोरड्या कुंकवाची चिमूट पुढे केली. "मामा, एवढंच लावू. म्हणजे ही कायमची पुरी झाली."

मामांनी वाटीत पाणी घेतलं, कुंकू कालवलं आणि नळीवर पाच बोटं ओढली.

"गंज चढेल, मामा," मी म्हणालो.

"चढते तं चढू द्या. उरल्याचा धूर काय यंदा बंद पडला काय?"

मला त्यांच्याकडे बघवेना. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सोनं द्यायला गेलो, तेव्हा टेबलावर सुटे भाग पसरले होते. आम्ही ताटं मांडीवर घेतली.