लावून पाह्य, फिरवून आन

तळेगावच्या आमच्या दुकानात मोटरसायकलचा पार्ट घेण्याची एक रीत आहे, माझ्या सासऱ्यांनी पाडलेली. गिऱ्हाइकाने जुना पार्ट काउंटरवर ठेवायचा, नवा घेऊन दारातल्या कडुनिंबाखाली स्वतःच बसवायचा, गाडी फिरवून आणायची आणि पसंत पडला तरच पैसे द्यायचे. "लावून पाह्य, फिरवून आन," एवढंच सासरे म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या रीतीवर धुसफुसते आहे. काउंटर मी सांभाळते, आणि सख्ख्या भावालाही पावतीशिवाय नटबोल्ट देणार नाही, असा माझा स्वभाव.

मधली काही वर्षं वाईट गेली. लोक यायचे, पार्टच्या डब्याचा फोटो काढायचे, आमच्याच बाकावर बसून तोच पार्ट मोबाइलवर स्वस्तात मागवायचे आणि वर प्यायला पाणी मागायचे. मी तोंडावर बोलायची. सासरे पाणी द्यायचे.

मग कंपनीनेच ठरवलं, की इंजिनाचे पार्ट यापुढे ऑनलाइन विकायचे नाहीत, गावोगावच्या दुकानांतूनच विकायचे. मला खरंच वाटेना. एवढी मोठी कंपनी, तिला आमच्या काउंटरची काय पडली आहे? पण अट होती. कंपनीचा माणूस येऊन दुकान पाहणार, आणि बिलाआधी डबा उघडणारं दुकान बाद. बाद झालो असतो तर गावच्या माणसाला कार्बोरेटरसाठी आर्वी गाठावी लागली असती, आणि आम्हाला शटर कायमचं ओढावं लागलं असतं.

"मामाजी, सायब येतीन त्या दिवशी तरी पह्यले बिल करू द्या ना," मी सासऱ्यांना म्हटलं.

"काऊन? सायबासाठी गिऱ्हाइकाले चोर ठरवू काय?"

साहेब आला नेमका बाजाराच्या दिवशी. तरुण, सभ्य, खुर्चीत बसून चहा घेत होता. तेवढ्यात एका शेतकऱ्याने जुना कार्बोरेटर काउंटरवर ठेवला. सासऱ्यांनी साहेबासमोरच नवा डबा फोडला. शेतकऱ्याने निंबाखाली बसून कार्बोरेटर बसवला, किक मारली आणि गेला.

"बिल?" साहेबाने विचारलं.

"येऊन राह्यला ना तो," सासरे म्हणाले.

तो काही येईना. इतर गिऱ्हाइकं गेली, फिरवून आली, पैसे देऊन घरी गेली. बाजार उठायला लागला. शेवटी साहेब हळूच म्हणाला, "काका, मला वाईट वाटतं, पण असं दुकान मी ठेवू शकत नाही." सासरे रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचा एवढासा झालेला चेहरा पाहून मला असा संताप आला, की तो शेतकरी समोर असता तर मी पाना फेकून मारला असता.

आणि तो दिसला. गाडी ढकलत येत होता, शर्ट घामाने पार भिजलेला. दारात स्टँड लावून तो मटकन खाली बसला.

"पार्ट एक नंबर हाय, काकाजी. अशी पळाली गाडी, का आमच्या गावाच्या शिवेपर्यंत गेलतो. अन् तिथं पेट्रोलच सरलं."

साहेब उठून उभा राहिला. "अहो, मग घर समोरच होतं ना? गाडी घरी लावायची, उद्या यायचं. इतकं उलटं ढकलत कशाला आलात?"

त्याला तो प्रश्नच कळला नसावा. साहेबाकडे बघत तो म्हणाला, "घरी कसा नेऊ? पार्ट तर अजून काकाजीचाच होता ना."

ही रीत म्हणजे सासऱ्यांचा भोळेपणा, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती तर आजूबाजूच्या सगळ्या गावांनी मिळून सांभाळली होती, आणि मला काउंटरवर बसून पत्ता नव्हता. सासऱ्यांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो घटाघटा प्यायला.

साहेब माझ्याकडे वळला.

"वहिनी, बिल करा. डबा बिलानंतरच फुटला आहे. मी इथेच होतो."