ड्रायव्हरीन घरी पोचली का

नावं ठेवणं मला जन्मजात येतं. आई म्हणायची, हा पोट्टा देवळात गेला तरी मूर्तीचं नाक वाकडं आहे म्हणून परत येईल. नोकरीही तसलीच मिळाली. हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनवरून उतरलेला माल तपासायचा आणि खोट काढायची. सकाळी शहरातल्या सदर भागातून कंपनीची बस पकडायची, आणि कारखाना येईपर्यंत बसमधल्यांना सिनेमे सांगायचे. हे दुसरं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. बसमधले बहुतेक जण थेटरात जात नसत, त्यांचं थेटर मीच होतो.

त्यात एक अवकाशयानाची मालिका होती, सहा भागांची. पहिला भाग आला तेव्हा मी नोकरीत नवा होतो, शेवटचा आला तेव्हा कानशिलं पांढरी झाली होती. सात माणसं पृथ्वीवरून निघतात, वाटेत एकेक करून मरतात, आणि यान चालवणारी बाई तेवढी उरते. तिला घरी यायचं असतं. गोष्ट म्हणावी तर इतकीच, पण माझा जीव तिच्यात अडकला होता. लग्नात, आजारपणात, नोकरी जायची वेळ आली होती तेव्हाही, मी पुढच्या भागाचे दिवस मोजत असे. बसमधले त्या बाईला ड्रायव्हरीन म्हणत. 'काय गा, तुही ड्रायव्हरीन कुठपर्यंत आली?' असं लोक मला तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळता चोळता विचारत.

माझ्या शेजारी लेथ मशीनवरचे एक जुने ऑपरेटर बसत. सगळे त्यांना काका म्हणत. ऐकताना मध्येच म्हणत, 'थांब गा, हे पुन्हा सांग.' ते का, हे मला फार उशिरा कळलं. काका संध्याकाळी घरी गेले की तीच गोष्ट काकूंना सांगत. मूलबाळ नव्हतं. चहा घेऊन दोघं बसायचे आणि काका माझी गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगायचे. ते सांगत ती ड्रायव्हरीन चहा प्यायची आणि तिचे गुडघे दुखायचे.

पाचव्या भागानंतर काकूंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरने काकांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की आता थोडेच महिने आहेत. काकांनी काकूंना सांगितलं की सूज आहे, गोळ्यांनी उतरते. बसमध्ये त्यांनी आमच्यासमोर हात जोडले. 'घरी कोणी आलं तं तिले मालूम पडू देऊ नका बाप्पा. हसून राहिली तं हसू द्या तिले.' साऱ्या बसने माना डोलावल्या. मी तर म्हणालो, 'काका, माझ्या तोंडून चुकूनही निघणार नाही.'

मग शेवटचा भाग आला. पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला गेलो. बाहेर पडलो तेव्हा मला कोणाचा तरी गळा धरावासा वाटत होता.

शेवट असा होता: ड्रायव्हरीन पहिल्याच भागात मेलेली असते. यानातल्या कॉम्प्युटरने तिची नक्कल करून ठेवलेली असते, आणि ती नक्कल स्वतःला जिवंत समजून सहा भाग यान हाकत राहते. बाकी साऱ्यांना हे माहीत असतं. मरता मरता प्रत्येक जण उरलेल्यांना बजावतो, तिला सांगू नका. पृथ्वी दिसते, आणि यान बंद पडतं. झालं. माझ्या आयुष्याची इतकी वर्षं या लोकांनी नाल्यात सोडली. कथा लिहिणाऱ्याला काही सुचलं नाही म्हणून बाईलाच खोटं ठरवून मोकळा झाला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसला कारभार. आणि ती मेली याचं मला इतकं दुःख नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिला आणि मला माहीत नव्हतं, ही गोष्ट मला डसली होती.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी हे सगळं ओकलो. कोणी हसलं, कोणी शिवी दिली. कारखान्याच्या गेटवर उतरल्यावर काकांनी माझी बाही धरली.

'मी तिले दुसरं सांगतो,' ते म्हणाले. 'ती रोज विचारून राहिली, ड्रायव्हरीन घरी पोचली का. तिले कसं सांगू का मेली म्हणून?'

'सांगा की जे आहे ते. काहून घाबरता? सिनेमाच तर आहे.'

'नाही गा. पोचली म्हणून सांगतो.'

मी तोंड वाकडं केलं. माझ्या वस्तूला कोणी खोटा माल लावतोय असं मला वाटलं. पण ती त्यांची बायको होती, म्हणून सोडून दिलं.

काकूंनी एका रविवारी मला जेवायला बोलावलं. इतकी वर्षं ज्याच्या गोष्टी ऐकल्या तो माणूस एकदा पाहायचा होता, असा निरोप होता. मी गेलो. काकू ओट्याशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पातोड्या करत होत्या. हाताची कातडी लोंबायला लागली होती, पण बेसन थापणारी बोटं भराभर चालत होती. काका मागे उभे राहून त्यांना मसाला देत होते. रस्सा असा झाला होता की पहिल्याच घासाला माझ्या नाकातून पाणी आलं.

मी जेवत होतो आणि काकू बोलत होत्या. 'बाबू, किती मस्त शेवट केला. ती घरी येते, अंगणात बसते, कोणीतरी तिले तांब्याभर पाणी देते. आणि ती म्हणते, आता मले उठवू नका. मी दोन दिवस तेच घोळवून राहिली. ज्यानं बनवलं त्याचं भलं होवो.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भलं होवो! त्या चोरांचं? ज्यांनी मला वर्षानुवर्षं फिरवलं, त्यांना या बाईचा आशीर्वाद मिळावा? काका माझ्याकडे पाहत होते. त्यांनी डोळ्यांनी मला थांब म्हटलं. मी ते बघितलं. कळलंच नाही असं मी कधी म्हणणार नाही. मला कळलं होतं, आणि तरी मी बोललो.

'घरी कशाची पोचते काकू. असं काही नाही त्यात. काकांनी मनचं सांगितलं तुम्हाला.'

'मनचं?'

'ती पहिल्याच भागात मेली होती. यानात फिरत होती ती नक्कल. ते पाणीबिणी काही नाही.'

काका म्हणाले, 'जेव ना गा तू.' मी जेवत होतोच. तोंडात घास घेऊन मी सांगत राहिलो. एकदा खोट काढायला बसलो की माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. कुठल्या भागात कोण काय बोललं होतं, कुठे कुठे त्या लोकांनी फसवलं होतं, सगळं क्रमाने सांगितलं. मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी कोणीतरी नीट ऐकत होतं.

'म्हणजे बाकीच्याले माहीत होतं?' काकूंनी विचारलं.

'सगळ्यांना.'

'आणि तिलेच नाही सांगितलं.'

'तेच तर. इतकी माणसं रोज तिच्या तोंडाकडे बघून हसतात, आणि एकाच्याही तोंडातून खरं निघत नाही. हा काय न्याय झाला?'

काकूंनी झारा खाली ठेवला. गॅस बंद केला. नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

'बाबू, तुले खोटं खपत नाही. मंग तूच सांग. माह्या पोटात काय हाय?'

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं मी काय करून बसलो ते. 'सूज आहे काकू,' मी म्हणालो. 'गोळ्यांनी उतरते. डॉक्टर म्हणाले तसं.'

'डॉक्टरले तू कधी भेटला?'

मी ताटाकडे पाहिलं.

'बसमंधल्या साऱ्याले माहीत हाय?'

काका म्हणाले, 'अवं, असं काय...' मी 'नाही' म्हणायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्याचा माल नाकारणाऱ्या माणसाला त्या घटकेला एक साधं 'नाही' सुचलं नाही. माझी मान खाली होती, आणि ती तशीच राहिली.

'जेव,' काकू म्हणाल्या. 'थंडं होऊन राहिलं.'

त्या आत जाऊन पडल्या. काकांनी मला हात धुवायला पाणी दिलं, टॉवेल दिला, दारापर्यंत सोडायला आले. शिवी दिली असती तर मी ती आनंदाने घरी नेली असती.

काकू पावसाळ्याआधी गेल्या. काका आठ दिवसांनी कामावर आले आणि बसमध्ये नेहमीच्या जागी माझ्या शेजारीच बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात हलवला.

'तू खरं तेच बोलला,' ते म्हणाले. 'पण त्या दिवसापासून तिनं माह्यं एक आयकलं नाही. गोळी देताना बरं वाटते म्हटलं, तं भिंतीकडे तोंड करे. बाहेर ऊन पडलं म्हटलं, तं शेजारणीले विचारे, खरंच पडलं का. शेवटच्या दिवशी मी तिचा हात धरून म्हटलं, मी इथंच हाओ. तिनं डोळे उघडले आणि शेजारणीकडे पाहिलं.'