डमी काडतूस

अमेरिकेतल्या अल्फारेटाजवळच्या शूटिंग रेंजवर मला नेहमी भेटणारे नागपूरचे काका ठासणीच्या बंदुकीत दारू भरताना बायकोचा फोनही घेत नाहीत. एरवी त्यांचं तोंड बंद नसतं.

शॉटगनने स्लग, म्हणजे एकच जड गोळी, मारायला शिकवताना त्यांनी गुपचूप डमी काडतूस भरलं. मी चाप ओढला. बार उडालाच नाही, पण नळी मात्र दचकून खाली गेली.

"पाहिलंस? धक्का बसायच्या आधीच घाबरतोस!"

मला रागच आला. तर बंदूक माझ्याच हातात ठेवून काका पाठ फिरवून उभे राहिले. "आता माझ्यासाठी तू भर. खरं की डमी, सांगू नको."

मी डमीच भरलं. काकांनी चाप ओढला आणि त्यांचीही नळी खाली गेली.

"वीस वर्षं झाली यार, अजून घाबरतोच मी," काका खूश होऊन म्हणाले. "भर ना बे परत!"