मागच्या खोलीतलं मिलिंग मशीन

शिलाई मशीन दुरुस्त करणारी म्हणून तिला सगळी गल्ली ओळखायची आणि मिस्त्रीणबाई म्हणायची. कुणाचं मशीन टाका सोडतंय, कुणाचं दोरा तोडतंय, हे ती नुसत्या आवाजावरून सांगे. पण एका दुखण्यावर तिच्याकडे औषध नव्हतं. नक्षीकामाच्या जुन्या मशीनमध्ये एक छोटी चकती असते. तिची कड लाटेसारखी खालीवर होते आणि त्या कडेवरून सुई डावी-उजवीकडे सरकत नक्षी काढते. कड झिजली की नक्षी गेलीच म्हणून समजा. त्या चकत्या बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. मिस्त्रीणबाईने कानस घेऊन हाताने चकती घासून पाहिली, तर टाका दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात गेला.

तेव्हा तिने मनावर घेतलं, की चकत्या कापणारं मशीनच घरी बनवायचं. संगणकाला आकार द्यायचा, तीन मोटारींनी तो धातूवर गिरवायचा आणि फिरत्या कटरने तासत न्यायचा. सीएनसी मिलिंग मशीन.

अडचण घरातच होती. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. उरले ती आणि सासरे. सासऱ्यांना ती अण्णा म्हणे. अण्णांचा सगळा जन्म कारखान्यात मिलिंग मशीनवर गेला होता आणि उजव्या हाताची दोन बोटंही तिथेच गेली होती. तो विषय घरात कुणी काढत नसे.

"कसलं मशीन म्हणालीस?" अण्णांनी विचारलं.

तिने सांगितलं. अण्णा ताटावरून उठले, हात धुतला आणि म्हणाले, "घरात नको."

"छोटंसं आहे अण्णा. टेबलावर मावेल."

"लहान-मोठं काय त्यात? कटर फिरतो ना?"

तिने वाद घातला नाही, आणि ऐकलंही नाही. मागच्या खोलीत तिचं काम सुरू झालं. आधी आराखडा काढला. चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा, वरून कटर धरणारा उंच खांब. मोठ्या वस्तूही कधीतरी कापता येतील म्हणून तिने तो खांब चांगला हातभर उंच ठेवला. वेल्डरकडून सांगाडा जोडून आणला, सळ्या समांतर बसवायला आठवडे घातले. एक टोक जुळवलं की दुसरं रुसायचं. अण्णा खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायचे आणि तिथूनच परत फिरायचे. दोघं जेवायला बसली की भाजीत मीठ कमी असलं तरी कुणी बोलेना.

पहिल्या कापणीच्या दिवशी सकाळी तिने अॅल्युमिनियमची पट्टी शिकंज्यांनी टेबलावर आवळली आणि मशीन चालू केलं. कटर धातूत उतरला. पहिला फेरा गुळगुळीत गेला. तिला हसू आवरेना.

दुसऱ्या फेऱ्याला कटर खोल गेला आणि खांब थरथरायला लागला. आधी बारीक गुणगुण, मग किंकाळीसारखा आवाज. आवाजावरून दुखणं ओळखणारी बाई ती, तिला कळलं नाही असं नाही. पण एवढ्या महिन्यांनी चालू झालेलं मशीन बंद करायला तिचं मन धजेना. एवढा फेरा होऊ दे, असं म्हणत ती तशीच उभी राहिली.

हादऱ्यांनी एक शिकंजा ढिला झाला. पट्टीचा कोपरा उचलला गेला. आणि तिचा डावा हात, तिला न विचारताच, पट्टी दाबून धरायला पुढे झाला.

"हात! हात मागे घे!"

अण्णांचा एवढा मोठा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती दचकली, हात मागे आला, आणि त्याच क्षणी पट्टी सुटून भिंगरीसारखी फिरली, खिडकीच्या चौकटीवर आदळली. कटर मोडला. मोडक्या कटरनिशी मशीन आपलं चालतच होतं, हवेत नक्षी काढत. बंद करायचं लाल बटण तिने बसवलं होतं मागच्या बाजूला, तारा कमी लागाव्यात म्हणून. तिथे पोचायला तिला त्याच टेबलाला वळसा घालावा लागला.

सगळं थांबल्यावर तिने वळून पाहिलं. अण्णा उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून खाली बसले होते.  तिने पाणी आणलं, तर त्यांनी पेला बाजूला सारला.

दुपारी त्यांनी पिशवी भरली. "मी पोरीकडे जातो."

"अण्णा, थांबा ना. मी चुकले."

"ते आणि मी एका घरात नाही राहायचो. एकदा पाहिलं तेवढं पुरे झालं."

बहिणीकडून कळल्यावर रस्त्यावरूनच नवऱ्याचा फोन आला. "अण्णांना परत आण. त्या मशीनचं काय करायचं ते कर, पण अण्णांना आण." तिने फोन ठेवला.

मशीन भंगारात द्यायचं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने आराखडा पुन्हा उघडला. त्यात एकूण एक स्क्रू होता, पण मशीनसमोर उभं कोण राहणार, त्याचे हात कुठे असणार, हे तिने कुठेच काढलं नव्हतं. तिथून तिने नव्याने सुरुवात केली. थरथरू नये म्हणून खांब निम्म्याने बुटका केला, बुडाला जाड पट्ट्या दिल्या. चकत्याच कापायच्या तर उंची हवी कशाला! शिकंजे काढून पट्टी थेट बोल्टने टेबलाला आवळली. लाल बटण पुढे, हाताशी आणलं. आणि सगळ्याभोवती जाड पारदर्शक पेटी बसवली, दाराला स्विच असलेली. दार उघडलं की संगणकाला न विचारता वीजच तुटणार.

मग ती नणंदेच्या घरी गेली. अण्णा गॅलरीत बसले होते.

"दार उघडलं की बंद पडेल असं केलंय अण्णा. तुम्ही येऊन बंद पाडून बघा. एकदा जरी पडलं नाही, तर तुमच्यासमोर खोलून टाकते."

"शब्द?"

"शब्द."

अण्णा आले. मशीन आल्यापासून पहिल्यांदा त्या खोलीचा उंबरा ओलांडला. कपाळावर घाम होता. तिने मशीन चालू केलं. अण्णांनी झटक्यात दार उघडलं, आणि कटर थांबला. पुन्हा चालू, पुन्हा थांबला. तिचा जीव भांड्यात पडतोय तोच अण्णांनी दार अगदी हळू, जेमतेम बोट जाईल एवढंच किलकिलं केलं.

कटर फिरतच राहिला.

 तिने लाल बटण दाबलं, पाना उचलला आणि पहिला बोल्ट सैल करायला घेतला. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, पाना घसरत होता.

"काय करतेस?"

"शब्द दिला होता."

अण्णांनी एक सुस्कारा सोडला. "सगळं कशाला खोलतेस, वेडे? तो स्विच जरा पुढे घे. दार हललं न हललं की सुटला पाहिजे."

स्विच पुढे घेतला. अण्णांनी दार कितीतरी वेळा, कितीतरी तऱ्हांनी उघडून पाहिलं. शेवटी मान हलवली. तिने नवी पट्टी लावली. या वेळी किंकाळी आली नाही, नुसती एकसुरी घरघर. पहिल्या चकतीचं मधलं भोक मोठं झालं, ती फुकट गेली. दुसरी चपखल बसली. तिने एका गिऱ्हाइकाचं मशीन पुढे ओढून चिंधीवर टाके घातले. नक्षी टोकापर्यंत एकसारखी उमटली.

अण्णांनी चिंधी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "बरं जमलंय," म्हणाले. आणि मग चपला पायात सरकवत, "मी राहतो इथेच. पण ते चालू करायचं असलं की आधी सांगत जा. मी तेवढं फिरून येत जाईन."

"सांगेन," ती म्हणाली. "आत्ता अजून एक कापायचीय."

अण्णा जिना उतरून रस्त्याला लागले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ती खिडकीत थांबली, मग पेटीचं दार लावून तिने मशीन चालू केलं.